नातीला व्हेजिमाइटची गोडी

३ जानेवारी, शनिवार. मिल्ड्युरा, ऑस्ट्रेलिया.
मुलगी ब्रॉन्विन इंग्लंडहून, लीड्सहून आली. सात वर्षांनी माहेरी. सोबत इमोजेन, वय सहा. माझी एकुलती एक नात, आजवर फोनच्या पडद्यावरच पाहिलेली. मला ‘मिस्टर’ म्हणाली. मुक्काम दोन आठवडे. निश्चय : पोरीला व्हेजिमाइट, आमचं टोस्टवर लावायचं काळं खारट यीस्टचं चाटण, खायला लावायचं. रक्त माझंच आहे. दोन दिवस पुरेत.

४ जानेवारी, सकाळी ७.
टोस्ट, लोणी, वर व्हेजिमाइटचा झकास थर. पोरीने चाटलं आणि थुंकलं. उरलेला टोस्ट कुत्र्याने हुंगला आणि बागेत निघून गेला. पोरीला प्रवासाचा शीण. कुत्रा म्हातारा.

६ जानेवारी.
थर पातळ केला. नाही. ब्रॉन्विन म्हणाली, बाबा, तिच्या मागे लागू नका, आमच्याकडे मार्माइट खातात. व्हेजिमाइटची इंग्रजी नक्कल, ते वॉर्निश! माझ्या मुलीच्या घरात! वाद घातला नाही. निषेध म्हणून फक्त जेवलो नाही. आठ वाजता सँडविच खाल्लं, ते जेवण नव्हे.

९ जानेवारी. ४४ अंश.
चीजच्या गुंडाळीत लपवून दिलं. तिने गुंडाळी उलगडून सगळं चमच्याने खरवडून काढलं. बारकाईत माझ्यावर गेलीय. प्रगती आहे.

११ जानेवारी, रविवार.
जीवनसत्त्वांवर अर्धा तास बोललो. तक्ताही केला होता. पोरगी झोपली. शेजारची लोर्ना म्हणाली, नेव्हिल, नात दोन आठवड्यांसाठी आलीय आणि तू तिला बरणी दाखवत बसलायस. लोर्नाला पोराबाळांतलं कळत नाही. (तिला चार आहेत.)

१४ जानेवारी.
इमोजेनने बॅगेतून स्वतःची मार्माइटची बरणी काढली. “आजोबा, तुम्ही यातला एक घास खा, मग मी तुमचं खाते.”
आजोबा म्हणाली.
डावपेच म्हणून खाल्लं. दुसरा घास घेतला, कारण पहिल्यात नीट कळलं नव्हतं. चौथ्यालाही कळेना. तिने तिचा घास गिळला, तोंड वेडंवाकडं, डोळ्यांत पाणी. मोहीम फत्ते.

१७ जानेवारी, शनिवार.
गेल्या. विमानतळावर तिने गळ्याला घट्ट मिठी मारली. तिची बरणी माझ्यासाठी ठेवून गेली. डोळ्यांत धूळ गेली. इथे फार धूळ.

१८ जानेवारी.
तुलनात्मक अभ्यास सुरू. सकाळ, दुपार, संध्याकाळ.

२२ जानेवारी.
अभ्यासाची सामग्री संपली. सुपरमार्केटात मार्माइट घेताना मागे रांगेत लोर्ना. कोणासाठी, म्हणाली. ऐटीत सांगितलं, नातीसाठी, येणार आहे ना ती.
“कधी?” तिने विचारलं.
सुट्टे शोधत बसलो. कार्डाने पैसे दिले होते.