दुसऱ्या खेपेची बाळंतीण

२ मार्च

चि. शेंडेफळास,
ताईचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र मिळालं. आई कुणाकडे राहणार हा प्रश्नच कुठे आहे? तुझी पहिली खेप, माझी दुसरी. डॉक्टरांनी दोघींना एकाच आठवड्याची तारीख दिली त्याला ती बिचारी काय करणार? अर्धी अर्धी वाटून घेता येत नाही. तू ठेवून घे.

दुसऱ्या वेळी काही नसतं म्हणे. शेजारच्या काकूंच्या मते दुसरं मूल तेल घातलेल्या ड्रॉवरसारखं सरकन बाहेर येतं. मी कवळ्या बनवायला जाते तिथल्या मालकांनी आयुष्यात कवळ्यांशिवाय काही जन्माला घातलेलं नाही, तेही हेच म्हणतात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वाट तयार असते. ढब्बूच्या वेळी ती तयार करायला दोन दिवस गेले होते, तेव्हा निदान ती पुन्हा वापरात येतेय याचं समाधान आहे.

तुझी भाची ढब्बू मात्र काळजीत आहे. नवी कवळी आली की जुनी टाकून देतात, हे तिने माझ्या कामावर पाहिलंय. बाळ आल्यावर माझं काय करणार, असं तिने विचारलं. ठेवणार, म्हटलं. तिने लगेच अटी घातल्या.

लोभ आहेच. पोट वाढतंय तसा तोही वाढू दे.
तुझी,
ताई

५ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आई पोचली. आल्या आल्या तिने माझे डबे नव्याने लावले, आता मला साखर सापडत नाही.

मी अजून गाडी शिकवायला जाते. शिकणारा स्टिअरिंगवर, मी शेजारी, आणि माझ्या पायाशी जादा ब्रेक. हल्ली पोटामुळे तो दिसत नाही, अंदाजाने दाबते. शिकणारे पूर्वीपेक्षा जपून चालवतात.

कळा कशा असतात गं? आईला विचारलं तर म्हणाली, येतात आणि जातात. रेल्वेच्या चौकशीच्या खिडकीवर जन्म काढलेल्या बाईकडून आणखी काय मिळणार? विचारलं तेवढंच सांगते, फलाट वेगळा विचारावा लागतो.

तू मनाला लावून घेतलं नाहीस ना? मी आईला म्हटलं, ताईचं काय? ती म्हणाली, ताई मुरलेली आहे.

धाकटीवरचा लोभ कमी करू नये, ती आधीच फार जाड झाली आहे.
तुझं,
शेंडेफळ

९ मार्च

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

इकडे सर्व ठीक. दवाखान्याची पिशवी भरून दारामागे ठेवली आहे. ढब्बूने तिच्यातला टॉवेल काढून बाहुलीला दिला, मी परत भरला, असं रोज चालू आहे. तुझे जावई लिफ्टच्या कामात बुडाले आहेत. शहरातल्या सगळ्या लिफ्टनी याच महिन्यात बंद पडायचं ठरवलेलं दिसतं.

एक सहज विचारते, उत्तराची घाई नाही. शेंडेफळाच्या वेळी तुला माझ्या वेळेपेक्षा सोपं गेलं होतं का?

तब्येतीला जप आणि माया राहू दे.
तुझी,
ताई

१२ मार्च

चि. ताईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

विचारलंस म्हणून लिहिते. तुझ्या वेळी एक अख्खा दिवस आणि वर रात्र गेली. पण प्रत्येक कळेला वाटायचं, ही शेवटचीच. काही माहीतच नव्हतं, त्यामुळे आशा फार.

धाकटीच्या वेळी तुझ्या वडिलांचा पेपर वाचून संपायच्या आत सगळं आटोपलं. पण पहिली कळ आली आणि मला पुढचं सगळं आठवलं. बाई बाळंतपण विसरते म्हणतात, त्यात अर्थ नाही. ते पुढच्या बाळंतपणापर्यंत दडून बसतं. नर्स म्हणाली, तुम्हाला काय सांगायचं, आणि चहाला गेली. घरच्यांनाही तसंच वाटलं, म्हणून आत कुणीच आलं नाही. मी कॉटची पट्टी धरून होते. हिरव्या रंगाची होती, रंगाचे पोपडे निघाले होते. वेळ कमी लागला, भीती जास्त लागली.

तू मुरलेली आहेस असं मी धाकटीला म्हणाले, ते विचार न करता म्हणाले.

आता मी विचारते. मी येऊ का?

तुझी,
आई

१५ मार्च

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

येऊ नकोस. शेंडेफळाला तुझी गरज आहे. शिवाय इथे जादा कॉट नाही, ढब्बू झोपेत लाथा मारते, नळाला पाणी दिवसाआड येतं, आणि शेजारच्या काकू आहेतच. बसचा प्रवासही तुला सोसत नाही. मला भीती वाटत नाही.

मला भीती वाटत नाही. पुन्हा लिहिलं, कारण वरचं अक्षर नीट आलं नाही.

आहे तिथूनच माया कर.
तुझी,
ताई

१८ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आईने उघडं ठेवलं होतं म्हणून वाचलं. उघडं नसतं तरी वाचलं असतं. लहानपणी तलावाच्या काठावर उभी राहून तू असंच दोनदा ओरडायचीस, मला भीती वाटत नाही, मला भीती वाटत नाही. आणि मग कपडे कोरडेच घेऊन घरी यायचीस.

आज सकाळी आईला बसमध्ये बसवलं. तुझं काय, असं ती खिडकीतून विचारत होती. मी म्हटलं, मला अजून काही माहीत नाही, तोवर मी धीट आहे. घरात सासूबाई आहेत, आमचे अहो आहेत. त्यांनी एक पुस्तक आणलंय आणि स्वतःच श्वासाचा सराव करतात.

हे पत्र तिच्या मागून पोचेल. तिच्याशी भांडू नकोस. भांडली असशील, तर माझ्यावरचा लोभ तेवढा शाबूत ठेव.
तुझं,
शेंडेफळ

२१ मार्च

चि. शेंडेफळास,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

मुलगा झाला. दोघं ठीक आहोत.

आई दारात दिसली तशी मी भांडलेच. नको म्हणून लिहिलं होतं ना, म्हटलं. तिने पिशवी खाली ठेवली, चपला काढल्या आणि विचारलं, पाणी आज येणार की उद्या? मग मी रडले. ढब्बूने मला बाहुलीचा टॉवेल आणून दिला.

काल दुपारी कामावर मेणाच्या हिरडीत दात बसवताना पहिली कळ आली. गाठीशी अनुभव होता, म्हणून मी हिशेब केला की दोन दिवस हातात आहेत. वरची रांग पूर्ण केली. खालच्या रांगेत सुळ्याच्या जागी दाढ बसली, तेव्हा मालकांनी घरी पिटाळलं. घरी येऊन मी पडदे धुवायला काढत होते. आईने माझ्या तोंडाकडे एकदा पाहिलं, ढब्बूला काकूंकडे सोडलं आणि टॅक्सी आणली. तुझे भावोजी तेव्हा लिफ्टमध्ये अडकलेल्या दोघांना बाहेर काढत होते. ते दोघं निघायच्या आत आमचा एक निघाला.

फरक विचारशील, तर ढब्बूच्या वेळी कळांच्या मध्ये जागा होती. चहा, कुरकुर, डुलकी, सगळं मावत होतं. या वेळी एक गेली म्हणेपर्यंत दुसरी आत. ड्रॉवर कसला, सबंध कपाट अंगावर आलं. नर्स म्हणाली, दुसरं ना, तुम्हाला माहीतच आहे, आणि निघाली. आईने तिला अडवलं. हिला माहीत आहे म्हणूनच थांबा, असं म्हणाली. बाई थांबली.

ढब्बूच्या वेळी मी आई आई करून ओरडले होते. या वेळी आई उशाशी असूनही तेच ओरडत होते. दर वेळी ती सांगत होती, मी इथेच आहे. किती वेळा हाक मारली मला माहीत नाही. एकदाही वैतागली नाही.

ढब्बूने भावाचं तोंड उघडून पाहिलं आणि दात नाहीत म्हणून मालकांना कळवायला सांगितलं.

भावोजींनी रजा घेतली आहे. आईला उद्या सकाळच्या बसने पाठवतेय. तोवर ब्रेकवर पाय ठेव. लोभ पोटभर.
तुझी,
ताई

२६ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मुलगी झाली. ब्रेक लागला नाही.

आई तुझ्याकडून निघाली त्याच सकाळी मला सुरू झालं. पण पहिलं रखडतं हे किती सोयीचं! आईची बस आली, सासूबाईंनी तिला चहा पाजला, ती दवाखान्यात पोचली, तरी मी होते तिथेच. अहो पुस्तकातलं वाचून श्वास घ्यायला सांगत होते. मी त्यांना बाहेर काढलं, आता ते बरे आहेत. माझा धीटपणा दुपारपर्यंतही टिकला नाही. मी वॉर्डातल्या प्रत्येकीला मी घरी चाललेय असं सांगितलं.

आई आली. मधेच मी तिला विचारलं, खरं सांग, कुणाचं जास्त वाईट, ताईचं की माझं? ती म्हणाली, जे चालू असतं त्याचं.

सगळं झाल्यावर माझ्या आणि पाळण्याच्या मधल्या खुर्चीत ती बसली, आणि बसल्या बसल्या झोपली. तोंड उघडं, चपला पायातच. दोन नातवंडं आणि दोन बसप्रवास झाले होते तिचे. मला तहान लागली होती. हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. भिंतीला धरत उठले, आपलं आपण पाणी घेऊन प्यायले. मग बाळाचं जादा दुपटं तिच्या पायांवर घातलं. ते गुडघ्यापर्यंतही पुरलं नाही.

आता इथे आम्ही तिघी आहोत. लोभ त्या बेताने पाठव.
तुझं,
शेंडेफळ