उजवीकडचा नट

पिपलानी, भोपाळ
मंगळवार, २३ नोव्हेंबर १९८२

ती. नाना यांना शोभाचा नमस्कार.

तुमचं शनिवारचं पत्र आज दुपारी मिळालं. वाचून होताच मी तारघर गाठलं. ‘गाडी चालवू नका, पत्र येत आहे’ एवढीच तार केली. ती मिळाली असेल. मी ठणठणीत आहे, काळजीचं ते माझ्याबद्दल नाही. गाडीची किल्ली श्रीकांतदादाकडे गेली असेल तर आधी मागून घ्या, मग पुढचं वाचा.

इथे थंडी पडायला लागली आहे. आईने करून ठेवलेल्या चकल्या निम्म्या संपल्या. शेजारचे नारायणकाका रोज कुंपणावरून विचारतात, “नाना नीट पोचले ना?” मी हो म्हणते आणि आत येते.

तुम्ही लिहिलंय, फियाट आता लोण्यासारखी चालते, खड्ड्यात धाडधाड वाजत नाही, आणि आल्यागेल्याला सांगता की हे बुश आमच्या शोभाने बदलले. रविवारी दादा ती घेऊन मुलांसकट चिखलदऱ्याला जाणार, हेही लिहिलंय. मिस्त्रीला दाखवायची गरज नाही म्हणता. नाना, गरज आहे. उजवीकडच्या पुढच्या चाकाच्या आतल्या बाजूला, ज्या खालच्या आर्मवर चाक टिकून असतं त्याचा नट मी आवळायचा विसरले होते.

तुम्हीच शिकवलं होतंत. रबरी बुश घालताना गाडी जॅकवर असते, तेव्हा नट नुसता हाताने बसवायचा. चाकं टेकली, गाडीचं वजन आलं, की मग खाली शिरून पाना लावून आवळायचा, नाहीतर रबराला पीळ पडून ते फाटतं. मी नऊ वर्षांची होते तेव्हापासून तुमच्या हातात पाने देत आले, म्हणून हे पाठ आहे. जवाहर चौकातला दुकानदार म्हणाला होता, “दीदी, मिस्त्री को भेज दो, साइज़ वो बता देगा.” मी जुना बुश त्याच्यासमोर ठेवला आणि म्हटलं, मिस्त्री मीच आहे. हे तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही किती हसलात!

गुरुवारी चाकांखाली फळ्या घालून गाडी खाली घेतली. डावा नट आवळला. उजवा राहिला.

शुक्रवारी सकाळी तुम्ही निघालात. गाडी कोपऱ्यावरून वळली. आई पुढे बसली होती, तिचा हात खिडकीबाहेर दिसत होता. मी स्कूटर काढली, पाना डिकीत टाकला. मिसरोद गेलं तरी तुम्ही दिसेनात. प्रत्येक वळणावर वाटायचं, आता गाडी रस्त्याकडेला आडवी पडलेली दिसणार. माणसं जमलेली दिसणार. एका ठिकाणी खरंच माणसं जमली होती. ट्रकचं चाक बदलत होते. मी स्कूटर थांबवून खात्री केली आणि पुढे निघाले.

तुम्ही दर खेपेला ओबेदुल्लागंजला चहाला थांबता, त्यामुळे सापडलात. आईच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या घरी राहिल्या, असं मी सांगितलं. गोळ्या तिच्या पिशवीत होत्या, मी माझ्याकडच्या जुन्या पट्टीतल्या आणल्या होत्या. तुम्ही आईला म्हणालात, “बघ, पोरगी चाळीस किलोमीटर धावत आली.” मग मी म्हटलं, आलेच आहे तर बुश नीट बसलेत का बघते. तुम्ही म्हणालात, “बघ बघ, तुझंच काम आहे,” आणि पोह्यांची बशी पुढे ओढलीत.

मी चाकाच्या मागे पालथी पडले. नट हाताने फिरत होता नाना. शेवटच्या दोन आट्यांवर आला होता. नर्मदेच्या पुलापर्यंत तो राहिला नसता. खालचा वॉशर तुटून कुठेतरी पडला होता. मी नट तसाच आवळला, अंगातला सगळा जोर लावून. बाहेर आल्यावर तुम्ही विचारलंत, “ठीक ना?” मी म्हटलं, “घट्ट आहे.” ते खोटं नव्हतं, पण वॉशर नसलेला नट हादऱ्यांनी पुन्हा सुटतो, हे तुमच्याइतकंच मलाही माहीत आहे. बाजारात दोन मिनिटांत वॉशर मिळाला असता. पण तो आणायचा तर का लागतो ते सांगावं लागलं असतं. म्हणून मी तुम्हाला तसंच पुढे जाऊ दिलं. घाटातून, सगळ्या रस्त्यातून नागपूरपर्यंत. शनिवार, रविवार, सोमवार मी आमच्या कारखान्याच्या फाटकावर प्रत्येक वेळी विचारत होते, माझ्यासाठी काही निरोप आहे का.

मी वर ‘विसरले’ असं लिहिलंय. तो कागद फाडून दुसरा घ्यावा असं वाटलं होतं. नको, राहू दे.

गुरुवारी मी गाडीखाली होते तेव्हा तुम्ही कुंपणाशी नारायणकाकांशी बोलत होतात. काका म्हणाले, “गाडी आता शोभालाच ठेवा की, हात चालतो तिचा.” तुम्ही म्हणालात, “ती उद्या लग्न होऊन दुसऱ्याच्या घरी जाईल. गाडी घराण्यात राहायला हवी. श्रीकांतला शब्द दिलाय मी.”

तुम्हाला वाटलं असेल, खाली ऐकू येत नाही. सगळं ऐकू येतं.

पाना तेव्हा माझ्या हातात होता. नट डोळ्यांसमोर होता. मी पाना खाली ठेवला, बाहेर आले आणि हात धुतले. म्हटलं, ज्याची गाडी त्याने आवळावा. संध्याकाळी जेवताना मला ते आठवलंही होतं, तुम्ही आईला सांगत होतात की शोभाचं काम म्हणजे बघायला नको. तेव्हा उठून, हातात बॅटरी घेऊन तुमच्यादेखत गाडीखाली जायची मला लाज वाटली. आणि शुक्रवारी किल्ली लावताना तुम्ही विचारलंत, “सगळं झालं ना गं?” मी म्हटलं, “हो नाना.”

मला तुम्हाला इजा व्हायला नको होती. हे मी शपथेवर सांगेन. पण तुम्ही गाडी सुरू केलीत तोपर्यंत मला माहीत होतं, आणि मी गप्प उभी राहिले, हेही तितकंच खरं आहे. गाडीबद्दल मला राग आला हे मी तुमच्याशी तोंडावर बोलायला हवं होतं. बोलता आलं नाही. अजूनही ते पत्रातच येतंय.

मी रजा टाकली आहे. शुक्रवारी रेल्वेने निघते, शनिवारी सकाळी नवे वॉशर घेऊन पोचेन. दोन्ही नट पुन्हा उघडून बसवेन, आणि तुम्हाला मी गाडीखाली शिरायला नको असेन तर मिस्त्री बोलवा, मी बाजूला उभी राहीन. दादाला चिखलदऱ्याला निघायला उशीर झाला, तर त्याला कारण तुम्हाला योग्य वाटेल ते द्या. खरं दिलंत तरी माझी हरकत नाही. गाडी त्याचीच. त्याबद्दल मी आता काही मागत नाही.

आईला मात्र तुम्ही सांगू नका. ते मी येऊन सांगेन. शुक्रवारी उजव्या चाकाच्या बाजूला तुम्ही होतात, पण तुमच्या शेजारी ती बसली होती, आणि निघताना तिने मला जवळ घेतलं होतं.

या खेपेला आशीर्वाद मागायचं धाडस होत नाही.

तुमची,
शोभा