चंद्रभानच्या पेटीत सापडलेला अडकित्ता

मी, देवमन सुखदेव तायडे, वय सदुसष्ट, नौदलातून निवृत्त, मूळ गाव भातकुली, हल्ली मुक्काम अमरावती, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहितो. रक्तदाबाची गोळी सकाळीच घेतली आहे, डोकं ठिकाणावर आहे आणि मागे उभं राहून कुणी लिहवून घेत नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

१. राहतं घर व बँकेतली ठेव पत्नी इंदूबाई हिला. तिच्या पश्चात प्रीतम आणि प्रियदर्शनी या माझ्या मुलांना निम्मं निम्मं. प्रीतमनं गच्ची मोबाइल टॉवरला देऊ नये.

२. निवृत्तीच्या वेळी मिळालेले, नट-बोल्ट आवळायचे काशाचे तीन पाने. आमचं जहाज समुद्रात पेरलेले सुरुंग शोधून काढणारं होतं. लोखंडाची चाहूल लागली की सुरुंग फुटतो, म्हणून जहाजाचं अंग लाकडाचं, पाने काशाचे, पट्ट्याचं बक्कल पितळेचं. हे पाने माझा मित्र चंद्रभान इंगळे याची नात नीलम हिला द्यावेत. ती ट्रॅक्टरचं इंजिन खोलते. माझ्या प्रीतमला पाना सरळ धरता येत नाही. यावरूनही मी जळतो.

३. चंद्रभान आणि मी एका बाकावर शिकलो, एका दिवशी भरती झालो, एकाच जहाजावर लागलो. कानाला यंत्र लावून पाण्याखालचा खडक कोणता आणि सुरुंग कोणता, हे तो चटकन सांगायचा. साहेब आधी त्यालाच विचारायचे. मी मागच्या डेकवर तारा ओढायचो. सुट्टीत गावी आलो की त्याच्या गोष्टींवर इंदूबाई पोट धरून हसायची. त्याच गोष्टी मी सांगितल्या की ती भाजी निवडायची.

जहाज कामगिरीवर निघण्याआधी प्रत्येकानं अंगावरचं, पेटीतलं लोखंड जमा करायचं. त्याचं रजिस्टर माझ्याकडे. १९८४ साली चंद्रभाननं आपल्या आईचा, पार्बताबाईंचा अडकित्ता माझ्या हातात दिला. म्हणाला, "मायची आठवण हाय, जपून ठेव गड्या." मी नोंद केली नाही. दुपारी तो अडकित्ता त्याच्याच पेटीत, कपड्यांखाली ठेवला.

तपासणीत सापडला. साहेबांनी मला विचारलं, मी म्हणालो, माझ्याकडे जमा झालेला नाही. चंद्रभाननं माझ्याकडे पाहिलं, थोडा वेळ आठवलं आणि म्हणाला, "मंग मीच इसरलो असन." आठ दिवसांत त्याला जहाजावरून उतरवलं. पुढची सगळी नोकरी त्यानं किनाऱ्यावरच्या भांडारात घोंगड्या मोजत काढली. त्याच्या जागी मला बसवलं. मला खडक आणि सुरुंग सारखेच ऐकू यायचे. सहा महिन्यांत मलाही उठवलं.

तेव्हापासून तोच माझी माफी मागत आला आहे. "माह्यापायी तुह्या रजिस्टरले डाग लागला," असं दर वर्षी एकदा तरी म्हणतो. मी म्हणतो, जाऊ दे. त्याची चूक नव्हती, तो काही विसरला नव्हता. हे मी इथे पहिल्यांदा कबूल करतो.

४. मी गेल्यावर माझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला चंद्रभाननं भाषण करू नये. तो छान बोलतो. माझ्या मरणातही लोक त्याच्याकडेच बघतील. तो आला की इंदूबाई चहात साखर जास्त घालते, हेही मी बघतो आहे. कबुली दिली म्हणून माझा हेवा संपलेला नाही.

५. साक्षीदार म्हणून मी चंद्रभानलाच बोलावलं आहे. साक्षीदाराला काही देता येत नाही असं वकीलबाई म्हणाल्या, म्हणून पाने नातीला. अक्षर न् अक्षर वाचल्याशिवाय सही करू नको, असं मी त्याला सांगणार आहे. तोंडानं बोलायची हिंमत एकेचाळीस वर्षांत झाली नाही. मी जिवंत असताना त्यानं हे वाचावं आणि मला चार शिव्या द्याव्यात, एवढीच माझी इच्छा आहे.

अमरावती, दिनांक ९ नोव्हेंबर २०२५

(सही) देवमन सुखदेव तायडे

आमच्यासमक्ष सही झाली:

१. (सही) ॲड. प्रणाली वानखडे, अमरावती

२. (सही) चंद्रभान किसन इंगळे, भातकुली. देवमननं दोनदा वाच म्हटलं. पण त्यानं लिहिलं म्हंजे बराबरच असन, म्हणून न वाचता सही केली.