पाटील पाला खाऊ लागले

मांजरसुंबा, श्रावण वद्य पंचमी

धोंडीरामभाऊंस सुंदररावाचा हात जोडून रामराम. तुमी, वहिनी, लेकरं, गुरंढोरं सगळी खुशाल असावीत, येवढंच देवाजवळ मागतो. इकडं तुमची बहीण मुक्ता रडती हाय, लेक केसर गप हाय, आन् मी ठणठणीत हाय. भाऊ, त्या ठणठणीतपणानंच माझा घात केला.

ज्येष्ठात बीडच्या हकीमसाहेबाकडं गेलतो. पोटाचा नगारा झालता, खाटंवरून उठायला गडी लागायचा (तुमी त्याला पोट धरून हसलावता, मी विसरलो न्हाई). हकीमसाहेबानं नाडी धरली आन् फर्मान सोडलं: तूप-पुरण बंद, पालेभाजी चालू. तांदुळजा, घोळ, पाथरी, अंबाडी! पहिल्यांदा ताटाकडं बघून बैलाची कीव यायची. पण खोटं कावून बोलू? कोठा साफ झाला, धाप गेली, झोप तर अशी लागायला लागली, की मुक्ता नाकाशी हात धरून बघायची. मग हौसेनं मीच बांधावर भाजी खुडायला जायला लागलो, आन् तिथंच फसलो.

वाकून पाला खुडणारा पाटील धुळाजीनं पाहिला (हा आमचा न्हावी, त्यानं पाहिलं म्हंजी तालुक्यानं पाहिलं). मोठ्या दुष्काळात आख्खं गाव हाच पाला बिनमिठाचा उकडून जगलतं. माझी आई त्याच साली गेली. तवापासून बांधावरची भाजी म्हंजी घरातली धान्याची पेवं रिकामी, येवढंच लोकांस्नी कळतं. मी अंगानं उतरलो तसा त्यांचा संशय पक्का झाला. परवा म्हातारी भिवराबाई दारात सूपभर ज्वारी गुपचूप ठिऊन गेली. पाटलाच्या दारात! मुक्तानं लाजंनं आतून कडी लावली. मी म्हातारीला बोलावून पेव उघडून दाखवलं, तर म्हणती, "वरवरचं हाय रं लेका, तळाला काय न्हाई." तिच्या डोळ्यांत पाणी होतं, म्हणून रागावताबी येईना.

आता तुमच्या धर्मापुरीच्या अर्जुनरावांचा निरोप आलाय: सोयरीक पक्की करण्याआधी एकदा घर बघून जातो. ही खबर तिथवर पोचली, दुसरं काय! केसरनं त्यांचा मुलगा चोरून पाहिलाय, तिच्या लई मनात भरलाय. नुसती खाली मान घालून भाजी निवडत बसती. बापाची तब्येत सुधारली म्हणून लेकीचं लगीन मोडलं, असं कुठं ऐकलंय का, भाऊ? मला रात्री घास गिळवत न्हाई (भाजीचा घास तेवढा जातो).

आपला,
सुंदरराव

ता. क. : सोमवारी मंडळी येतील तवा मी अंगरख्याच्या आत उशी बांधून बसणार हाय. पर सोयरे म्हंजी ऊरभेट आलीच. तुमी आदल्या दिशीच या, मधी घुसून अर्जुनरावास्नी आधी मिठी मारा आन् सोडूच नका. तुमचं पोट खरं हाय, तेवढाच आधार.

पुन्हा ता. क. : निरोप्या आत्ता जेवताना बोलून गेला, की अर्जुनरावबी लई वाळलेत, पावसाळा लागल्यापासून अंबाडीच खात्यात. हकीमानं सांगितलंय म्हणं! भाऊ, हकीमाचं नाव काय, कुणीबी पुढं करतं. चांगलं खातंपितं माणूस उगाच कावून पाला खाईल? माझ्या लेकीच्या जन्माचा सवाल हाय. निघण्याआधी त्यांची पेवं तेवढी गुपचूप बघून या. तळापर्यंत.