मुग्धाचा हिरवा ब्लाउज

मंगळवार, संध्याकाळ

मुग्धा आत्ताच भेटून गेली. हॉस्पिटलात माझ्या शेजारच्या खाटेवर होती ती. आम्हा दोघींचाही डावा स्तन एकाच आठवड्यात काढला. तिला रेडिएशनची गरज नव्हती, म्हणून त्याच ऑपरेशनमध्ये पोटाची कातडी आणि चरबी घेऊन तिला नवा स्तन करून दिला. माझं रेडिएशन अजून चालू आहे. "आधी ते संपू दे, कातडी निवू दे, मग बघू," असं डॉक्टर म्हणतात. म्हणजे कधी?

आली तीच हिरवा ब्लाउज घालून. अगदी फिटिंगचा, दोन्हीकडून सारखा. मी आपली ढगळ गाऊनमध्ये, काखेत भाजल्यासारखी आग होतेय. चहा गाळतानाही माझं लक्ष त्या ब्लाउजवरच. "छान दिसतेस," म्हणाले खरी, पण दात आवळून. एवढ्या कोत्या मनाची कधी झाले मी? बिचारी हिंजवडीहून त्या ट्रॅफिकमधून मला भेटायला आली होती.

तिच्या ते लक्षात आलं असावं. मला आतल्या खोलीत नेलं, दार लावलं आणि ब्लाउजची हुकं काढली.

"लाव हात."

लावला. मऊ होता, ऊबदार होता.

"मला काहीच जाणवत नाही गं," ती म्हणाली. "तुझा हात डोळ्यांना दिसतोय, म्हणून कळतंय. नवऱ्याचाही तसाच."

आणि रडायला लागली. मी तिला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवत राहिले. तेव्हाही मनात एकच होतं: बधिर तर बधिर, पण मला हवाय.