सव्वा बोटाचा बाक

ती. अनंतदादांना,

केरीहून गौरेशचा नमस्कार. डिचोलीत सगळी बरी असतील, तुमच्या गुडघ्याला तेल वेळेवर लागत असेल, असं धरून चालतो. इथे आम्ही खुशाल आहोत. आम्ही म्हणजे मी आणि मांजर. (घर फार गप्प झालंय.)

तुमची बहीण आठ दिवसांपूर्वी खांद्याला धनुष्य लावून तुमच्या दारात का उतरली, हे विनोदिनीने सांगितलं नसणार. नवऱ्याच्या चुगल्या करणाऱ्यांतली ती नव्हे. म्हणून मीच सांगतो, जरा लांबून.

चव्वेचाळिसाव्या वर्षी बाईला तिरंदाजीचा नाद लागला म्हणून गाव हसलं. सुतार नवरा तिला शिवणीच्या लाकडाचे बाण करून देतो म्हणून आणखी हसलं. हसेनात बापडे. संध्याकाळी सुरूंच्या मागे वाळूत ती नेम धरते, पलीकडे तेरेखोलच्या अंगाला ऊन उतरत असतं, दोरी सुटते आणि बाण जातो तो जातच राहतो. त्यातला एखादा अजून वाटेत असेल असं मला कधी कधी वाटतं. मी होडीला टेकून बसतो, पोदेराकडचा उंडा पाव चहात बुडवतो आणि तो चहातच विरघळून जातो. (तिला बघत बसायला मला फार आवडतं. हे तिला कधी सांगितलं नाही.)

असाच टेकलो असताना मोबाइलवर एक परदेशी म्हातारा दिसला. लोखंडी पट्टीतल्या भोकांतून, एकापेक्षा एक बारीक, तो काठी ओढून काढत होता. लाकूड दाबलं की घट्ट होतं, म्हणत होता. घट्ट झालं म्हणजे ताठही होणारच, हे पुढचं मी माझ्या मनाने जोडलं. वेल्डिंगवाल्या रुद्रेशकडून तशी पट्टी करून घेतली, माडाला ठोकली, आणि स्पर्धेच्या निवडीच्या आदल्या दुपारी विनू आंघोळीला गेली तेवढ्यात तिच्या बाणांच्या सहा काठ्या ओढल्या. काय चकाकल्या म्हणून सांगू! मीच माझी पाठ थोपटली. (तिला विचारलं नाही.)

पेडण्याला निवड झाली. सहाच्या सहा बाण उजवीकडे गेले. एक गवतात पडला, उरलेले पाच शेजारच्या बाईच्या निशाणावर लागले, तेही इतके मधोमध की तिने येऊन आभार मानले. विनू रागावली नाही. बाण गोळा करून तिने माझ्या हातात दिले आणि म्हणाली, "बाण माझे होते. माका इचारूक नको?" आणि डिचोलीच्या गाडीत जाऊन बसली.

मग वरातीमागून घोडं. शांताच्या दुकानातलं किलोचं वजन आणलं, दोन खुर्च्यांवर काठी आडवी ठेवली आणि मधोमध ते टांगलं. एक जादा काठी दाबायची राहिली होती, ती बोटभर वाकली. दाबलेली सव्वा बोट. म्हाताऱ्याचं खोटं नव्हतं हो, लाकूड घट्ट झालंच होतं. पण काठी बारीकही झाली होती, आणि घट्टपणाने जेवढं दिलं त्याहून जास्त बारीकपणाने नेलं. विनूच्या धनुष्याला बोटभर बाकाचीच काठी लागते, जास्त वाकली की बाण उजवीकडे जातो, हे तिला हाताने कळतं. मला वजन टांगावं लागलं. (चूक काठीची नव्हती.)

रविवारी फोंड्याला शेवटची निवड आहे. तिथे हुकली तर वर्ष गेलं. नव्या सहा काठ्या केल्या आहेत, नुसता रंधा मारून. एकेक टांगून बघितली, बरोबर बोटभर. डिचोलीच्या गाडीवरच्या गणेशकडे हे पत्र आणि पुडकं देतोय. (ती हो म्हणाली तरच मी फोंड्याला येईन. मागे उभा राहून बाण तेवढे उचलीन.)

वहिनींना नमस्कार.

तुमचा,
गौरेश

ता. क. बाण म्हापशाच्या दुकानातून आणले असं सांगा. माझे म्हटलं तर हात लावणार नाही.

ता. क. २. तसं नको. माझा रंधा ती ओळखते, मग तुम्हीही खोटे पडाल. त्यापेक्षा बाहेर बाल्कांवाच्या बाकावर बसून हे पत्र मोठ्याने वाचा, तिला आत ऐकू जाईल असं. कंसातलं मात्र गाळा.

ता. क. ३. गणेश हॉर्न वाजवतोय, नवा कागद घ्यायला वेळ नाही. दादा, कंसातलं तेवढंच वाचा. बाकीचं गाळलंत तरी चालेल.