कुंपणाबाहेरची जागा

आबा, आईला परवा मातीत ठेवलं. तुमच्या शेजारी नाही. चर्चच्या दफनभूमीत तुमच्या उजव्या हाताची जागा तिच्यासाठी राखलेली होती, ती तशीच मोकळी आहे. आई कुंपणाबाहेर, निंबाखाली, बाळाजवळ आहे.

शिरपूरकडच्या आपल्या गावात तुम्ही धर्मशिक्षक होतात. रविवारी चर्चमध्ये मिस्सा झाली की आम्हा पोरांना घेऊन बसायचात. एकदा मी विचारलं होतं, पवित्र शास्त्रात चूक नाही आणि पोप चुकत नाहीत, हे एकच ना? तुम्ही हसलात आणि जळगावच्या सोन्यावर आलात. शास्त्र म्हणजे घडवून झालेला दागिना, त्यात खोट नाही. पोप म्हणजे सोनार. साऱ्या ख्रिस्तसभेसाठी श्रद्धेचा शेवटचा निर्णय देताना देव त्यांचा हात धरतो, तेवढ्यापुरतं त्यांना चुकू देत नाही. एरवी तेही माणूसच, आणि आपले फादर तर माणूसच माणूस. किती सोपं करून सांगायचात तुम्ही.

त्याच वर्षीच्या हिवाळ्यात माझा धाकटा भाऊ जन्मला आणि बाप्तिस्म्याआधीच गेला. म्हातारे फादर म्हणाले, बाप्तिस्मा नाही तर आशीर्वादित जमिनीत जागा नाही. हे बाळ ना स्वर्गात ना नरकात, मधेच कुठेतरी राहील. आई ओसरीत बसली आहे, दुधाने तिचं लुगडं ओलं झालंय, आणि ती तुम्हाला विचारते, "फादर कधी चुकत नही का?" तुम्ही खाली बघता. मी वाट बघते, आता तुम्ही सोनाराची गोष्ट सांगाल. तुम्ही कुदळ उचलता.

आताचे फादर तरुण आहेत. ते म्हणाले, तसा शेवटचा निर्णय ख्रिस्तसभेने कधी दिलाच नव्हता. ते जुन्या जाणत्यांचं मत होतं, आणि अशी बाळं आज ख्रिस्तसभा देवाच्या दयेवर सोपवते. बाळाला आत, तुमच्याजवळ आणायचीही त्यांची तयारी होती. मी धावत जाऊन आईला सांगितलं. तेव्हा ती अंथरुणावरच होती. तिने नको म्हणून मान हलवली.

"तो इतला वरीस एकला शे. माले त्याना जोडे ठेवा."

फादरांनी निंबाखाली येऊन बाळाशेजारची जमीन आशीर्वादित केली.

हे पत्र तुमच्या कबरीवर ठेवायचं ठरवलं होतं, पण ठेववलं नाही. फादर चुकू शकतात हे तुम्हाला ठाऊक होतं आबा, हेच मला सोसत नाही. काल दोन मेणबत्त्या घेऊन गेले होते, त्यातली एक तुमच्यासाठी होती. दोन्ही कुंपणाबाहेर लावून आले.